आमचा बंगला: दुरुस्तीच्या नोंदी, खर्च अन् १८६५ ची भानगड

आमच्या गावात पत्ता सांगताना 'बंगल्याच्या पुढं', 'बंगल्याच्या मागं' असंच सांगतात, तो बंगला म्हणजे आमचं घर. दर्यापूर तालुका, मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या लाइनीच्या, म्हणजे शकुंतला गाडीच्या रुळापासून तीन-चारशे पावलं, जुन्या गावठाणाच्या बाहेर. गावात वाडे होते चार-पाच, बंगला हा एकच. दुरुस्ती काढायच्या आधी असं काम कोणी केलं अन् लिहून ठेवलं काय हे लय शोधलं, आपल्याकडच्या घराचं काही भेटलं नाही, म्हणून आपलं लिहून ठेवतो. मी इंजिनिअर नाही, अमरावतीला मेडिकल चालवतो, रविवारी गावी येतो. त्यामुळं चुका भरपूर आहेत अन् त्या जशाच्या तशा लिहिल्या आहेत.

११ फेब्रुवारी २०२४

छपरापासून सुरुवात. मागच्या पडवीवर देशी कवेलू, म्हणजे कौलं, पण मुख्य घरावर मंगलोरी. दोन पोट्टे वर चढवले, फुटकी मोजली तर दोनशे चाळीसच्या वर. एक कवेलू खाली आणून पुसलं अन् त्याच्या पाठीवर इंग्रजीत उठावदार अक्षरं: बेसल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, १८६५.

झालं! काकाजी खुर्चीतून उठूनच आले. "म्या म्हणत नोतो काय, इंग्रज सायबाचा बंगला हाय हा, दीडशे वर्षाच्या वरचा." घरात ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो, आता पुरावाच हातात. मी फोटो काढला, स्टेटसला टाकला, अन् दुसऱ्याच दिवशी अमरावतीत ग्रॅनाइटची पाटी सांगून टाकली, 'स्थापना १८६५'. ३,२०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१८ फेब्रुवारी

नवीन मंगलोरी कवेलू ३०० आणले, ३४ रुपयाला एक, गाडीभाडं वेगळं. बसवायला गेलो तर खाचा जुळत नाहीत. जुन्याची लांबी थोडी जास्त अन् खाच वेगळी, त्यामुळं नवं जुन्याच्या शेजारी बसतच नाही, बोटभर फट राहते. दुकानदार परत घ्यायला तयार नाही. तीनशेच्या तीनशे गोठ्यावर गेले. परतवाड्याकडं एक जुनं घर पाडलं होतं तिथून त्याच शिक्क्याचे २६० भेटले, १८ रुपयाला एक. म्हणजे आधी पाडापाडीवाल्यांकडं फिरा, नमुन्याचं एक कवेलू पिशवीत ठेवा, मगच पैसे काढा. दोन रविवार अन् दहा हजार गेले माझे.

३ मार्च

आतल्या भिंतीचा चुना खाली कमरेपर्यंत फुगून पडला होता. गावातला नेहमीचा मिस्त्री म्हणाला सिमेंटनं गिलावा मारून देतो, चार दिवसांत मोकळं. मला पण घाई. हॉलच्या दोन भिंती अन् मागची खोली मारून घेतली. मजुरी अन् माल धरून साडेसतरा हजार.

हॉलच्या भिंतीत वर, जवळजवळ छताजवळ, मूठभर गोल भोक होतं, आरपार व्हरांड्यात निघणारं. उंदराचं असेल म्हणून तेही सिमेंट भरून पक्कं बुजवलं. ही या कामातली सगळ्यात अडाणी गोष्ट, तेव्हा कळलं नाही.

१७ मार्च

दोन आठवड्यांत सिमेंटच्या गिलाव्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर. हात लावला की मिठासारखी झडते. चाखून पाह्यली, खारटच. लोणा.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या दोन्ही अंगाला जमिनीखालचं पाणी खारं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. अन् आम्ही गिलाव्याचं सगळं पाणी अंगणातल्या बोअरचं वापरलं. वरून सिमेंटनं भिंतीचं तोंड बंद केलं, खालून जमिनीची खारी ओल वर चढते, तिला निघायला जागा नाही, मग ती विटेला खाते. एका जागी ठोकून पाह्यलं तर सिमेंट ढालीसारखं सुटून आलं अन् मागची वीट भुकटी झालेली.

मग एका ओळखीच्यानं अंजनगावकडचे एक म्हातारे मिस्त्री सांगितले, सत्तरीच्या वरचे, चुन्याचं काम केलेले. ते आले, भिंतीवर हात फिरवला, बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन थुंकले. "भाऊ, या पान्यानं तर अंग धुतलं तरी खाजवते, अन् तुमी भितीले पाजलं." मग मागं गेले अन् विचारलं, हौद कुठं हाय. मी म्हटलं कशाचा हौद. त्यांनी पन्हाळीच्या खालची जागा काठीनं ठोकून दाखवली. तिथं आमच्या घरची पंधरा-वीस वर्षांची केरकचरा अन् विटांची रास होती.

२४ अन् ३१ मार्च

रास उपसली. खाली चुन्यानं लिंपलेला हौद, दहा बाय सहा फूट, खोली पुरुषभर. छपराचं पावसाचं पाणी पन्हाळीतून थेट त्यात यायचं. मिस्त्रींचं म्हणणं की बांधणाऱ्यानं आधी हौद केला असेल, एक पावसाळा भरू दिला असेल अन् मग त्या गोड पाण्यात चुना मळला असेल. पुरावा नाही याला, पण खारपाणपट्ट्यात शंभर वर्षं टिकलेला चुना पाहता मला पटते. आमच्याकडं पावसाळ्याची वाट पाहायला वेळ नव्हता, नळाचं पाणी दोन टाक्यांत साठवून वापरलं.

सिमेंट सगळं काढलं. काढायची मजुरी ६,०००. म्हणजे ३ तारखेचे साडेसतरा अन् हे सहा, साडेतेवीस हजार खड्ड्यात.

चुन्याचं असं केलं: कळीचा चुना खड्ड्यात गोड पाण्यात विरवला, वीस दिवस तसाच ठेवला, वरून पाण्याचा थर तुटू द्यायचा नाही. एक पाटी चुना, एक पाटी सुरखी, दोन पाट्या धुतलेली वाळू. सुरखी म्हणजे आमच्याच फुटक्या जुन्या विटा कुटून चाळलेल्या. बेलफळाचा गर तीन दिवस भिजवून त्याचं पाणी अन् थोडा गूळ. चुना मळायची घाणी आता कुठं भेटते, मिक्सरमध्ये फिरवलं, पण मिस्त्रींनी ते खाली ओतून वरून लाकडी मोगरीनं पुन्हा कुटून घेतलं. विरवताना चुना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो, पोरांना लांब ठेवा अन् चष्मा घाला. माझ्या मनगटावर डाग आहे अजून.

३१ ला अजून एक झालं. मागच्या दालनाचं मयाल, म्हणजे छताची मोठी तुळई, धुताना, सागाचं, फूटभर जाड, त्याच्या पोटाला कोरलेली अक्षरं निघाली. काळ्या रंगाखाली दबली होती. 'शके १८' एवढं वाचता येते, पुढचे दोन आकडे उधईनं खाल्ले. मग मोकळी जागा अन् 'आनंद नाम'. त्याच्या पुढचं लाकूडच नाही. काकाजी म्हणे आनंद नावाचा सुतार असेल. मी पण मान हलवली.

९ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, काकाजी दरवर्षीसारखं पंचांग वाचायला बसले. "शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर..." अन् मी तिथंच थांबवलं. आनंद नाम! सुतार कुठला, संवत्सर आहे ते.

साठ संवत्सरांचं चक्र असते, प्रभव पहिलं, क्रोधी अडतिसावं, आनंद अठ्ठेचाळिसावं. म्हणजे यापुढचं आनंद दहा वर्षांनी, २०३४ ला. तिथून साठ-साठ मागं जायचं: १९७४, १९१४, १८५४. शकात १८९६, १८३६, १७७६. मयालावर 'शके १८' आहे, म्हणजे १७७६ बाद. १८९६ म्हणजे १९७४, तेव्हा आजोबा या घरात म्हातारे झाले होते, तेही बाद. राहिलं शके १८३६, म्हणजे १९१४-१५. मधल्या वर्षांत आनंद संवत्सर येतच नाही. कोणाकडं जुन्या मयालावर, देवळाच्या पायरीवर अर्धवट शक असला तर संवत्सराचं नाव शोधा, आकडा गेला तरी नाव वर्ष पकडून देते.

अन् १८६५? शके १७८७. मयालावरच्या आकड्याशी जुळतच नाही.

काकाजी पुरणपोळी अर्धी ठेवून उठले. त्या दिवशी बोलले नाहीत माझ्याशी.

१४ एप्रिल

मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी थंडपणे खोडलं. "मयाल दुसऱ्या घरचं राह्यलं तं? वाडा पडला का सागवान कोनी फेकत नाई." बरोबर होतं. आमचाच गावठाणातला वाडा पणजोबाच्या काळात अर्धा पडला होता म्हणतात. पण वाड्यातून आलं असतं तर १९१४ च्या नंतर कधीतरी आलं असतं, म्हणजे बंगला अजूनच अलीकडचा. १८६५ ला कसंही जीव येत नाही.

मग कवेलूच्या मागं लागलो. शेजारच्या गावी एक धर्मशाळा आहे, कोनशिलेवर १९११. तिच्या छपराचं एक उतरवून पाह्यलं तर तोच शिक्का, तोच १८६५! ते कवेलूचं वर्ष नाहीच, कारखाना निघाल्याचं वर्ष आहे. बेसल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६५ ला मंगळुरात नेत्रावतीच्या काठी कवेलूचा कारखाना काढला अन् पुढं शिक्क्यात तेच वर्ष मारत राहिले. मिठाईच्या डब्यावर 'स्थापना' लिहितात तसं. अन् डोकं चालवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, १८६५ ला नागपूरपर्यंत आगगाडीच आली नव्हती, ती आली १८६७ ला. कारखाना निघाला त्याच वर्षी मंगलोरहून कवेलू आमच्या गावात बैलगाडीनं येणार होतं काय.

पण शिक्का एका बाजूनं कामाचा आहे. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने इंग्रज सरकारनं ताब्यात घेतले, जर्मन लोकांचे म्हणून, अन् मग ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडं गेले. म्हणजे 'बेसल मिशन' लिहिलेलं कवेलू साधारण त्याच्या आधीचं.

२४ एप्रिल

कागद काढायला तालुक्याच्या ऑफिसात. २६ ला लोकसभेचं मतदान, निम्मा स्टाफ इलेक्शन ड्युटीवर, रेकॉर्ड रूमची चावी ज्याच्याकडं तो ट्रेनिंगला. दिवस गेला. पुन्हा ६ मे, पुन्हा १३ मे. आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भेटली, तिच्यावर जागा नझूलची, म्हणजे सरकारी, पट्ट्यानं दिलेली. जुन्या नोंदी पाहिजे असल्या तर गाव, शीट नंबर, प्लॉट नंबर तिन्ही लिहून न्या, नुसत्या नावावर कोणी कपाट उघडत नाही.

१२ मे

अक्षय तृतीयेला जोडून दोन दिवस राहिलो. पारा ४४, पत्र्याला हात लावता येत नाही, पण हॉलमध्ये दुपारी पंखा न लावता झोप लागते. सोळा फूट उंची, बावीस इंची भिंत, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, वर रोशनदानं. व्हरांड्याच्या कमानीत अजून खिळे आहेत वाळ्याचे पडदे टांगायचे.

त्याच दुपारी छताकडं पाहत पडलो होतो तर हॉलच्या तुळईला तीन लोखंडी कड्या दिसल्या, एका ओळीत. अन् त्या ओळीच्या टोकाला भिंतीत... मी बुजवलेलं भोक. दोरीचा पंखा! कापडाची लांब झालर कड्यांना टांगलेली, दोरी भोकातून बाहेर, अन् व्हरांड्यात माणूस बसून ओढणार. छिन्नी घेऊन तेव्हाच चढलो. सिमेंट फोडायला सव्वा तास लागला. आत दोरी फिरायची पितळेची छोटी गिरकी होती, ती मी सिमेंटमध्ये गाडली होती, एक बाजू तुटली. बाहेरच्या भिंतीवर भोकाच्या खाली, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल तिथं, चुना घासून गुळगुळीत झाला आहे. त्या जागेवर नवा गिलावा करायचा नाही असं मिस्त्रींना सांगून ठेवलं.

१९ मे

मागच्या न्हाणीघराचं दार. आतून एक दार आहेच, पण बाहेरून मागच्या बोळात उघडणारं एक वेगळं, बुटकं, साडेचार फुटाचं. प्लंबर म्हणे बुजवून टाका, टाइल छान बसतील. आईनं सांगितलं ते कशासाठी होतं: मैला उचलणाऱ्या बाईनं घरात पाय न टाकता मागच्या मागं यावं अन् जावं म्हणून. घरात कवतिकानं साहेबी थाट साहेबी थाट म्हणतात, त्यात हेही आलं. समोर तीन बाजूंनी व्हरांडा अन् मागं हे दार, नकाशा एकाच हातानं काढलेला. मी बुजवू दिलं नाही. काकाजींना पटलं नाही, "पाहुन्यायले काय सांगशीन?" म्हणे. सांगीन जे आहे ते.

अन् नशीब पाहा, त्याच दाराची चौकट खाली आल्यावर वर लिंटल म्हणून काय निघालं तर आगगाडीचा रूळ, हलका, छोट्या गाडीचा असतो तसा. वायर ब्रशनं घासला, कारखान्याचं नाव गंजात गेलं पण वर्ष उठून दिसलं: १९१२. रूळ विटांच्या थरात मुळापासून बांधलेला, नंतर घुसवलेला नाही, हे मिस्त्रींनी दोनदा ठोकून पाह्यलं. मग स्वतःच म्हणाले, "आता तुमचं मयाल खरं."

१९१२ च्या आधी ही भिंत उभीच राहू शकत नाही. मयाल १९१४-१५. कवेलू महायुद्धाच्या आगंमागंपर्यंतचं. तिन्ही एका जागी आले. अन् तो काळ काय, तर शकुंतला येण्याचा. किलिक निक्सन कंपनीची ही अडीच फुटी लाइन, वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर न्यायला टाकलेली. रुळाचा तुकडा आमच्या घरात कसा आला ते विचारू नका, पणजोबांनी विकत घेतला असंच समजू.

९ जून

मृग लागला, पाऊस नाही. घरच्या पेटीतले मोडीतले कागद अमरावतीच्या एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतले, पानाला ३०० रुपये, अकरा पानं. त्यातला एक भाडेपट्टा १९१६ चा, पणजोबांनी बंगला एका विलायती कापूस कंपनीच्या एजंटाला भाड्यानं दिल्याचा. म्हणजे साहेब राहिला होता, पण भाडेकरू म्हणून! बांधला आमच्या माणसानं, ज्याचं स्वतःचं बिऱ्हाड तेव्हा गावठाणातल्या वाड्यातच होतं. त्या काळी रॅली, व्होल्कार्ट असल्या कंपन्या वऱ्हाडभर कापूस घेत फिरायच्या, त्यांच्या माणसाला गल्लीतला वाडा नको, स्टेशनजवळ मोकळी हवा पाहिजे. पणजोबा अडत्या माणूस, गाडी येणार हे कळलं, गिऱ्हाईक येणार हे कळलं, घर बांधून ठेवलं.

आता घर वेगळंच दिसते. वाड्याचं तोंड आत चौकाकडं, याचं तोंड बाहेर रस्त्याकडं अन् रुळाकडं. गावानं भिंतीबाहेर पहिला पाय टाकला तो इथं. आमचं घर आहे म्हणून सांगत नाही, नकाशावर पाह्यलं तरी दिसते, स्टेशन रोडची बाकी घरं सगळी नंतरची. नंतर आमचं कुटुंब राहायला आलं तेव्हा कोपऱ्याच्या खोलीचं देवघर झालं, अन् दूरवर असलेल्या स्वयंपाकघराला जोडणारी पडवी देशी कवेलूंची केली, पावसात ताटं भिजू नये म्हणून. मंगलोरी अन् देशी कवेलू एकाच घरावर का, याचं उत्तर हे.

२१ जुलै

पाऊस चांगला. छप्पर दोन जागी गळलं, दोन्ही जागा मी स्वतः बसवलेल्या. चुन्याचा गिलावा कोरडा, लोणा नाही, फक्त उत्तरेच्या भिंतीला खाली हातभर. हौद तीन पावसात गळ्यापर्यंत भरला.

उत्तरेच्या भिंतीला उभी भेग होती, मे महिन्यात बोट जायचं. ती मी मिस्त्रींचं न ऐकता मेमध्येच भरली होती. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, भिंत तिच्यासोबत उघडते अन् मिटते. पावसात भेग मिटली अन् भरलेला चुना पोपडा होऊन बाहेर. आता भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली आहे, वर्षभर पाहू तडकते काय, मग ठरवू.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर हिशोब. एकूण ३,८६,००० च्या आसपास, त्यातले साधारण ४६,००० माझ्या चुकांचे: चुकीचे कवेलू, सिमेंट मारणं अन् काढणं, भेग, पाटी. पितळी गिरकीची जोड परतवाड्यात एकानं करून दिली, ४५० रुपये. पंखा नाही लावला, पण भोक उघडं आहे, जाळी मारून, उंदीर खरंच येत होते.

काचेची पट्टी अजून शाबूत. न्हाणीघराचं बुटकं दार रंगवलं. काकाजी आता पाहुण्यांना रूळ दाखवतात, १८६५ चं नाव घेत नाहीत, फक्त कधीकधी म्हणतात की पाया जुना असेल. नवीन पाटी केली नाही. जुनी ग्रॅनाइटची उलटी करून हौदाजवळ कपडे धुवायला टाकली, आई म्हणते दगड चांगला आहे.